मार्केसासला आपलं कोण आहे?

मोरूमामाजींचा दात काढायचा होता. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ते खुर्चीत आडवे झाले, डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला, अर्धा जबडा लाकडासारखा झाला; आणि त्या अवस्थेत मामाजींनी कापसाच्या फटीतून विचारलं, "मामकूळ कोन्तं तुमचं?" डॉक्टरांना वाटलं, पेशंटला भूल चढली. पण दात बाहेर येईपर्यंत असा शोध लागला होता की डॉक्टरांची आत्या लाखनीला दिली आहे आणि तिची सख्खी जाऊ ही मामाजींच्या चुलतबहिणीची नणंद. मग काय, डॉक्टरांनीच चहा मागवला. मामाजींना आपला ओठ नेमका कुठे आहे हे समजत नव्हतं, पण सोयऱ्याच्या घरचा चहा परत कसा करायचा, म्हणून त्यांनी तो शर्टावर सांडत सांडत संपवला.

हे मोरूमामाजी आमचे साकोलीचे शेजारी. माझे सासरे नव्हेत बरं का. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, आणि एकदा तुम्ही गल्लीत सून म्हणून आलात की गल्लीतला झाडून सगळा म्हातारा वर्ग तुमचा मामाजी होतो. त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, मी आत्याबाई म्हणते. मामाजी एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पोरगा पुण्याला नोकरीत, पोरगी हैदराबादला. आणि मी हायवेलगत एक ऑनलाईन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, रेशनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, आणि लोकांच्या डोक्यात जे काय येईल ते. मामाजींच्या डोक्यात फार येतं.

कुठलाही माणूस समोर आला की मामाजींचे चार प्रश्न ठरलेले. गाव कोन्तं, आडनाव काय, मामकूळ म्हंजे आईचं माहेर कोन्तं, बहीन कुठं देल्ली. यात माणूस सापडतोच. "धागा निघतेच, सूनबाई," ते म्हणतात. "फक्त वढता आला पायजे."

एकदा देवरीच्या जंगलात त्यांची बस बंद पडली. प्रवासी कटकट करायला लागले, तर मामाजी सगळ्यांना बसमध्ये बसवून जवळच्या गावात गेले आणि परत आले ते चहाची किटली घेतलेल्या एका सोयऱ्याबरोबर. त्याला ते त्याच दिवशी पहिल्यांदा भेटले होते. दुसऱ्या वेळी त्यांची सायकल चोरीला गेली. चोर सापडला. ठाण्यात मामाजींनी त्याला चार प्रश्न विचारले आणि चोर दूरचा भाचा निघाला. झालं! तक्रार मागे, आणि भाच्याला घेऊन हे घरी हजर. आत्याबाईंनी मुकाट्यानं वरण-भात आणि वांग्याची भाजी वाढली. चोर तीनदा भात घेऊन, पाया पडून गेला, तो पुढे राखीला सुद्धा आला.

एवढ्या नोकरीत हा माणूस कधी लॉजमध्ये उतरला नाही. त्यांचं मत असं की, ज्याचं जगात कोणी नाही तो लॉजमध्ये उतरतो.

तर एके दिवशी मामाजी माझ्या दुकानात पीकविम्याच्या पावतीसाठी बसले होते. माझ्या कॉम्प्युटरवर काम थांबलं की आपोआप चित्रं येतात. त्यात एक चित्र आलं. निळाशार समुद्र, आणि त्यातून सरळ वर निघालेला काळा-हिरवा पहाड, शेंड्यावर ढग. मामाजी खुर्चीतून पुढे सरकले.

"हे कोन्तं गाव?"

मी कोपऱ्यातली अक्षरं वाचून सांगितलं. मार्केसास बेटं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, ताहितीच्याही पुढे, ज्वालामुखीतून वर आलेली. चारही बाजूंनी शेकडो किलोमीटर नुसतं पाणी. मामाजींनी विचारलं, ज्वालामुखी चालू आहे का? म्हटलं, नाही हो, कधीचा विझलाय. "म्हंजे इंजन थंड हाये," ते समाधानानं म्हणाले आणि पावती न घेताच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. म्हणाले, सूनबाई, आम्ही दोघं मार्केसासले जाऊन राहिलो.

बापा! जो माणूस नागपूरच्या विमानतळासमोरून शेकडो वेळा बस घेऊन गेला आणि कधी मान वळवून पाहिलं नाही, तो थेट मार्केसासला निघाला. मी त्यांना रस्ता सांगितला. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून न्यूझीलंडचं ऑकलंड, तिथून ताहिती, आणि ताहितीहून छोट्या विमानानं तीनेक तास. मामाजींनी ड्रायव्हरच्या नजरेनं सगळं तपासलं. मधे चहाला कुठं थांबते? ड्रायव्हर बदलते का? विमानापेक्षा त्यांना ताहितीहून सुटणारं एक जहाज पसंत पडलं, ते बेटाबेटांवर थांबत अर्धा माल आणि अर्धी माणसं नेतं. त्यांच्या मते ते जहाज म्हणजे एसटीची रातराणीच.

मग वेळेचा प्रश्न निघाला. मी समजावलं की आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. म्हणजे आपण मंगळवारचा नाश्ता करतो तेव्हा ते सोमवारच्या जेवणाला बसायचे असतात. हे ऐकून मामाजी इतके हरखले की उठून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि जाहीर करून आले, की तिथं अजून कालच चालू हाये, आणि मी तिथं गेलो की तुमच्यापेक्षा एक दिवसानं लहान होनार. टपरीवाल्यानं विचारलं, मग कालची उधारी तिथं माफ होते का? मामाजींनी त्याला उत्तर दिलं नाही. मोठ्या प्रवासाला निघालेला माणूस लहानसहान गोष्टींत पडत नाही.

तिथे धान पिकत नाही हे कळल्यावर मात्र ते एक पूर्ण दिवस अस्वस्थ होते. फणसासारखं काहीतरी झाडाला लागतं, ते भाजून खातात, मासे आणि नारळ खातात, असं मी वाचून दाखवलं. "मंग भात कशाचा करतेत?" हे त्यांनी मला त्या दिवशी चारदा विचारलं.

पण खरा अडसर घरातच होता. आत्याबाई. लहानखुऱ्या, काटक बाई, बोलणं मोजूनमापून. मामाजींनी त्यांना बेटाचं सांगितलं तेव्हा त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लॉजमंदी मी पाय ठेवत नाही. तिथं आपला सोयरा असन तं येते." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. आमच्या गल्लीला कळलं की विषय संपला. मार्केसासला साकोलीच्या माणसाचा सोयरा! बाईनं नाही म्हणण्याची काय नामी रीत काढली, म्हणून आम्ही बायका मनापासून हसलो.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी ती अट म्हणूनच घेतली. सोयरा सापडला तर बायको येणार, नाही सापडला तर नाही. म्हणजे सोयरा शोधायचा. सोपं आहे.

तेव्हापासून माझ्या दुकानात पीकविमा बाजूला पडला आणि मार्केसासचं सोयरसंशोधन सुरू झालं. लोक रांगेत उभे, आणि मामाजी माझ्या शेजारी खुर्ची टाकून फोनवर. तुमसर, पवनी, लाखांदूर, गोंदिया, बालाघाट. "तुमच्याकडचं कोनी जहाजावर हाये का? कोनी समुद्रापल्याड देल्ली का?" एका बाईनं सांगितलं की आमची पोरगी समुद्राजवळ दिली आहे. मामाजी उभेच राहिले. नंतर कळलं, रत्नागिरीला दिली आहे.

आणि मग खरंच धागा निघाला. मामाजींच्या बहिणीच्या नणंदेचा जावई ऑकलंडला टॅक्सी चालवतो! त्या दिवशी मामाजींनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले, माझ्याकडे जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या अनोळखी माणसांना सुद्धा. "अर्ध्यात पोचलो, सूनबाई." जावई बिचारा सज्जन. या दूरच्या सासऱ्याची आज्ञा मानून टॅक्सीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला, तुम्ही मार्केसासचे का हो? महिनाभर विचारलं. मग त्याच्या मालकानं त्याला विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना? धागा ऑकलंडच्या किनाऱ्यावर येऊन तुटला.

शेवटी मीच सुचवलं की एकदा बेटावरच्या माणसाशीच बोलून पाहू. हिवा ओआ नावाच्या बेटावर तेहानी नावाची एक बाई आपल्या घरातच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देते, असं सापडलं. संदेश पाठवला, उत्तर आलं, व्हिडिओ कॉल ठरला. भाषेसाठी माझा फोन होता. मराठीत बोललं की तो फ्रेंचमध्ये बोलतो, आणि फ्रेंचचं मराठी करतो. पण त्याला मामाजींची बोली काही केल्या समजेना. मग अशी व्यवस्था झाली की मामाजी आमच्या झाडीबोलीत बोलायचे, मी त्याचं पुस्तकी मराठी करायची, आणि फोन त्याचं फ्रेंच करायचा. शाळेत मराठीत कधी पन्नासच्या वर न गेलेली मी, त्या दिवशी दोन भाषांच्या मधे पुलासारखी उभी होते.

पडद्यावर तेहानीबाई आल्या. भरल्या अंगाच्या, मोकळ्या हसण्याच्या, केसांत पिकलेली एक बट. मामाजींनी नमस्कार केला आणि वेळ न घालवता पहिला प्रश्न टाकला, गाव कोन्तं?

आणि बघा काय झालं. बाईंना त्या प्रश्नाचं जराही नवल वाटलं नाही. त्यांनी गाव सांगितलं, गाव कोणत्या दरीत ते सांगितलं, बापाचं घराणं सांगितलं, आईचं घराणं कोणत्या बेटावरून आलं ते सांगितलं. बहीण कुठं दिली? डोंगरापलीकडच्या दरीत, घोड्यावरून जावं लागतं. मग त्यांनी उलट मामाजींना विचारायला सुरुवात केली. तुमच्या आजीची आई कोणत्या गावची? तिची आई? मामाजी पणजीपर्यंत टिकले आणि मग घाम पुसायला लागले. तेहानीबाई मात्र कधीचे कोण होडीतून आले इथपर्यंत मागे जाऊन पोचल्या होत्या, आणि दर नावाला हात असा हलवायच्या की जणू तो माणूस आत्ताच घरातून उठून गेलाय. "बाई जबर हाये," मामाजी माझ्या कानात म्हणाले, आणि आदरानं ताठ बसले.

पण सगळं ताणून, चारही बाजूंनी ओढून, धागा काही निघाला नाही. भारतातून कोणी आलं होतं का? नाही. भारतात कोणी दिली? नाही. तेहानीबाईंनी हसत सांगितलं, नातं नसलं तरी या, खोली रिकामी आहे. मामाजींनी हात जोडले आणि फोन बंद झाला. खोली म्हणजे लॉजच की.

मामाजी उठायचं विसरून बंद पडद्याकडे बघत बसले. दुकान रिकामं होतं. मला राहवेना. म्हटलं, मामाजी, जायचंच आहे तर रायपूरला मावसभावाकडे जा, पुण्याला पोराकडे जा. एवढ्या समुद्राच्या मधोमध काहून?

"रायपूरले नेलं होतं तिले," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या घरी वीस मानसायचा सैपाक हीच करून राहिली. पुन्याले पोराकडं नेलं. सुनेनं म्हटलं, बसा तुम्ही. सकाळी उठून पायतो तं ही कुकर घासून राहिली."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मी जिंदगीभर लोकायच्या घरी जेवलो, सूनबाई. अन् ज्यायच्या घरी जेवलो, ते सारे माझ्या घरी जेवले. गावच्या मंडईच्या जत्रेत घरात पाय ठेवाले जागा नसे. लोक नाटक पाहाले जात, अन् ही भांडे घासत बसे. एकदाबी कोनाची पाहुनी झाली नाही ही. मले तिले अशा घरी न्यायचं हाये, जिथं तिले चूल कशी पेटवाव ते समजनार नाही. भाषा येनार नाही, डबे कशाचे हायेत ते सापडनार नाही. मंग तरी बसन का नाही?"

एवढं बोलून ते रुमालानं मान पुसत राहिले. मग म्हणाले, नाही जमत तर त्या बाईले तोंडानं सांगून देऊ. उगाच वाट पाहात बसन. त्यांच्या हिशेबात नकार सुद्धा समोर बसून द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा फोन लावला. मामाजी चष्मा घरी विसरले होते, तो सोबत घेऊन आत्याबाई बाजार आटोपून इकडे आल्या, हातात भाजीची पिशवी. पडद्यावर तेहानीबाई नुकत्याच आल्या होत्या. तिकडे संध्याकाळ, दिव्याचा उजेड, आणि आज त्यांनी कानामागे एक पांढरं फूल खोचलं होतं.

आत्याबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "हिनं कोनासंगं भोजली बदलली?"

मला काहीच कळलं नाही. मामाजींनाही नाही. आत्याबाईंचं माहेर देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या सीमेवर. तिथली ही रीत त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितली. श्रावणात पोरी टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात, त्याचे पिवळे कोंब येतात, ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर नेतात. आणि ज्या पोरीवर जीव असेल तिच्या कानामागे ते कोंब खोचायचे, तिनं आपल्या कानामागे खोचायचे. मग ती आपली जन्मभराची भोजली. तिचं नाव घ्यायचं नाही, भोजलीच म्हणायचं. तिची आई ती आपली आई, तिचं घर ते आपलं घर. मी आत्याबाईंना सलग इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तिकडून तेहानीबाई विचारत होत्या, या बाई कोण आणि काय सांगतायत? मी सगळं पुस्तकी मराठीत फोनला सांगितलं. तेहानीबाईंचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी विचारलं, एका बाईला किती भोजल्या करता येतात?

"मन लागन तितक्या," आत्याबाई म्हणाल्या.

तेहानीबाईंनी कानामागचं फूल काढलं आणि कॅमेऱ्याजवळ आणलं, इतकं जवळ की सगळा पडदा पांढरा झाला. आत्याबाई दारातून पुढे आल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी सांबाराच्या जुडीतून, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीतून, एक काडी काढली, पडद्याला लावली, आणि ती माझ्या हातात दिली. तिच्या हातानं खोचायला पाहिजे, म्हणाल्या, तिच्या वतीनं तू खोच. मी त्यांच्या कानामागे ती सांबाराची काडी खोचली. मला एरवी कशालाही हसू येतं. तेव्हा आलं नाही.

मामाजी खुर्चीच्या कडेला सरकले. त्यांनी विचारलं, "अवो, मंग आता? येते का?"

"भोजलीच्या घरी नाही जाव तं कोनाच्या घरी जाव?"

मामाजींनी टेबलावर असा हात मारला की माझं स्टेपलर खाली पडलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले, दारात जाऊन टपरीकडे बघून ओरडले, "येऊन राहिली!" टपरीवाल्याला वाटलं बस येऊन राहिली, आणि त्याच्याकडचे दोन प्रवासी पिशव्या घेऊन रस्त्याकडे पळाले. इकडे मी आणि तेहानीबाई, दोघीही हसत सुटलो, मधे कोणाचीही भाषा न लागता.

मग तेहानीबाईंनी काहीतरी विचारलं. फोन मराठीत बोलला, की माझ्या भोजलीला जेवायला काय आवडतं ते सांगा, मी त्या दिवशी करून ठेवीन.

आत्याबाई लगेच मामाजींचं सांगू लागल्या. यायले तिखट चालत नाही, यायले भाजीत गूळ लागते. मी ते सांगितलं. तिकडून तेहानीबाईंनी मान हलवली. त्यांचं नाही, तुमचं विचारते.

आत्याबाई थांबल्या. त्यांनी मामाजींकडे पाहिलं. खरंच विचारल्यासारखं पाहिलं, की काय आवडते हो मले? मामाजींनी तोंड उघडलं. त्यांना माहीत नव्हतं. तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग त्यांनी मान खाली घातली.

तेहानीबाई तिकडे शांतपणे वाट बघत होत्या.

"तिले सांग," आत्याबाई शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातचं. गरम."

मी ते शुद्ध मराठीत सांगितलं, फोननं फ्रेंचमध्ये सांगितलं. मामाजी उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता डोळे पुसून येतील. ते टपरीवरून चहा घेऊन आले, एकच कप, वाफ निघत होती. त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली, आत्याबाईंच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कप त्यांच्या हातात दिला. आत्याबाईंनी सवयीनं विचारलं, तुमचा कुठी हाये? मामाजी म्हणाले, तू पे. त्या खुर्चीत बसल्या आणि चहा संपेपर्यंत उठल्या नाहीत.